डाव्या चाकामागची फट

आमचे हे गाड्यांना चाकं बसवून देतात. बाजारात लोक त्यांना मोजमास्तर म्हणतात, ते काही कौतुकानं नाही. गिऱ्हाईक रिम पसंत करून मोकळं होतं आणि हे पट्टी घेऊन गाडीखाली. रिमच्या आतल्या कडेपासून नट आवळतात त्या पाट्यापर्यंतचं अंतर, त्याला बॅकस्पेसिंग म्हणतात. ते जास्त झालं की चाक आत सरकतं, कमी झालं की बाहेर येतं. तेवीस वर्षांच्या संसारात एवढं मलाही पाठ झालंय.

मोजून झालं की स्टिअरिंग पुरतं वळवायचं, जॅकनं ॲक्सल वर दाबायचा आणि टायर आणि ब्रेकच्या नळीमध्ये दोन बोटं घालून बघायची. मग तेच दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा पहिल्या बाजूला. भरल्या ताटावरून उठून मोजायला जातात. मी म्हणते, लग्नाआधी माझी उंचीसुद्धा पट्टी लावून बघितली असेल तुम्ही. तर हसतसुद्धा नाहीत. बसमध्ये बसले तरी मध्येच मान वाकडी करून विचारतात, "घासतंय, ऐकू येतंय तुला?" मी म्हणते, काही घासत नाही, गप बसा. पण हल्ली मलाही ऐकू येतं, खोटं कशाला बोलू.

माझ्या धाकट्या दिरानं सोळा वर्षांपूर्वी हौसेनं एक जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रक घेतला होता. त्याला रुंद टायर हवे होते, पण मडगार्डच्या बाहेर आलेले नको होते. म्हणून यांनी जास्त बॅकस्पेसिंगचे रिम निवडून चाकं आत घेतली. टॉर्च मी धरला होता. उजवी बाजू मोजली, तीही चाक सरळ आणि गाडी रिकामी असताना. डावीकडे खोकी रचलेली होती आणि दिराला घाई झाली होती. "दोन्ही बाजू सारख्याच," हे म्हणाले. सारख्या नव्हत्या. आधीच्या मालकानं डावीकडची ब्रेकची नळी बदलून जरा लांब टाकली होती, ती टायरकडे लोंबत होती. चार महिन्यांनी भर उतारावर ब्रेक गेले आणि माझा दीर गेला.

गाडी ओढून आणल्यावर यांनी खाली डोकं घातलं. टायरनं घासून नळी फाटली होती. जुन्या गाडीत सगळ्या ब्रेकना तेल एकाच वाटेनं जातं, एक नळी फुटली की संपलं. तोवर लोकांनी ठरवून टाकलं होतं, प्यायला असणार. आम्ही तसंच चालू दिलं. यांनी तोंड उघडलं नाही, मीही नाही. त्याचा मला अजून राग येतो, स्वतःचा.

गेल्या आठवड्यात पुतणी तोच ट्रक चालवत दुकानात आली. "काका, इंजिन, ब्रेक, नळ्या, सगळं होतं त्याच मापाचं नवं करून घेतलंय. आता नवे टायर टाका. रिम मात्र हेच राहू देत, बाबांनी हौसेनं बसवून घेतलेले आहेत."

यांनी वाकून एका रिमवर हात फिरवला. "हे तडकलेत गं. दुसरे घालू, इंचभर बाहेर बसतील."

"कुठे तडकलेत?"

पोरगी अगदी बापाच्या वळणावर गेलीय. टॉर्च घेऊन चारही रिम तपासले तिनं. "एकही तडा नाही. तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरीकडे जाते."

दुसरीकडे कुणीही अर्ध्या तासात टायर चढवून दिले असते आणि ती त्याच उतारावरून घरी गेली असती. हे माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "सांगा तिला."

यांनी स्टिअरिंग पुरतं वळवलं, डावीकडे ॲक्सलखाली जॅक लावला. "बाळा, टायर आणि या नळीच्या मध्ये बोट घालून बघ." बोट गेलं नाही. मग खाली मान घालून यांनी सगळं सांगून टाकलं, मधे कुठे थांबले नाहीत.

"बाबांवर चिडूनच मोठी झाले मी," ती म्हणाली. "आईला तुम्ही सांगायचं, काका. आत्ताच्या आत्ता."

दुकान बंद करून आम्ही गेलो. जाऊ धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हे उभ्या उभ्याच बोलले. मला वाटलं, आता ही आम्हाला घराबाहेर काढणार, आणि काढायलाच हवं होतं.

तिनं हातातली चादर खाली ठेवली. "म्हणजे ते शुद्धीत होते," ती म्हणाली. "सोळा वर्षं मी मनाची समजूत घालत आले, प्यायले होते ना, मग त्यांना काही कळलंच नसेल. तो उतार केवढा लांब आहे, भाऊजी. सगळा उतारभर ते ब्रेक दाबत राहिले असतील."