कीर्तीआत्याचा घेर

माझी कीर्तीआत्या सांगलीत पूजेचे पोशाख शिवते. आम्हा जैनांच्या पंचकल्याणक पूजेत घरचीच माणसं इंद्र-इंद्राणी होतात. त्यांचे मुकुट, जरीचे अंगरखे सगळे तिच्या हातचे. असाच एक जुना नमुना शोधताना मोबाईलवर तिला युरोपातला ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक, सापडला आणि बाई त्यात पार बुडाली.

आधी ती नुसते झगे बघायची. कंबरेला दोन्हीकडून हातभर रुंद आणि तिथून पायापर्यंत घेर. मग हळूहळू कान लागला. बरोक म्हणतात त्या संगीताला, तीनशे वर्षांपूर्वीचं. भाषेचा गंध नाही, तरी शिलाई मशीन थांबवून ऐकत बसायची. "तीच ओळ परत घेती बघ, आणि परत घेताना कशी नटवती!" हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे. मला ते गाणं आजही फारसं कळत नाही. आत्याचा हट्ट मात्र कळतो, आणि लय आवडतो.

मिरजेत डॉक्टरांच्या मंडळानं ऑपेराचा एक चित्रपट मोठ्या पडद्यावर लावायचं ठरवलं. आत्यानंही ठरवलं, जायचं ते झगा घालूनच. स्वतःचा लग्नातला शालू तिनं बेधडक कापला. घेर ताठ राहावा म्हणून आत ठिबक सिंचनाच्या नळीची कडी घातली.

जायच्या दिवशी ती नटून बाहेर आली आणि तिचे यजमान, हळदीचे व्यापारी वर्धमानमामा, दारात आडवे आले.

"असलं सोंग घेऊन पेठेतनं जायचं न्हाई. मला तिथं धंदा करायचा हाय."

"आवं, गेल्या पूजेत तुमी इंद्र झालता. मुकुट घालून त्याच पेठेतनं मिरवलासा. तवा कोण हसलं?"

"ते धर्माचं हाय."

"हायच की. ह्या ऑपेरातबी देवच ढगातनं उतरत्यात. जलम गेला माझा दुसऱ्यांना नटवण्यात. आज मी नटले, तर लगेच सोंग व्हय?"

 मामा बाजूला झाले. पण घेर काही रिक्षात मावेना. तिरका करून पाहिला, दाबून पाहिला, छे! मामा पहिल्यांदाच हसले. "झालं समाधान? बस आता घरी."

आत्यानं त्यांच्याच दुकानाचा हळदीचा टेम्पो बोलावला. ड्रायव्हर जोतिबानं खाली मान घालून मागचं फळकूट उघडलं. मी आत्याला हात देऊन वर घेतलं. बसणं शक्यच नव्हतं, म्हणून ती दांडी धरून ताठ उभी राहिली.

पेठेत हमाल पोती टाकून बघत राहिले. मोबाईल वर झाले. मामांचे शेजारी दादासो दुकानातून ओरडले, "वहिनी, नाटकात काम धरलं काय?" सगळी पेठ खदखदून हसली. शरमेनं माझे कान तापले. जोतिबाची अवस्था माझ्याहून वाईट. त्यानं टेम्पो जोरात काढला.

आत्यानं टपावर जोरात थाप मारली.

"जोतिबा, सावकाश घे. नीट बघू देत सगळ्यांना."