निथळायला ठेवलेला स्कूप

वेल्डिंगचा जळका वास आला की मला जोगेश्वरीचा तो फॅब्रिकेटर आठवतो आणि त्याच्या दारात वाळू खणायचा स्कूप पारखत उभी असलेली ताई. भावजी गोराईच्या समुद्रात बुडाले होते; ते सापडले, पण बोटातली साखरपुड्याची अंगठी नाही. ताईने भाड्याने मेटल डिटेक्टर आणला होता, पण ऑनलाइन मागवलेला पातळ पत्र्याचा स्कूप ओल्या वाळूत पहिल्याच दिवशी वाकला. "जाड स्टीलचा करा दादा. मागे पाय द्यायला पट्टी हवी, आणि भोकं इतकी बारीक की यातून ही पडता कामा नये," म्हणत तिने माझ्या बोटातली अंगठी काढून त्याच्यापुढे धरली. पुढच्या रविवारी ओहोटीला आम्ही दोघी बहिणी गुडघाभर पाण्यात उतरलो. मशीन किंचाळलं. ताईने पट्टीवर पाय देऊन स्कूप रुतवला, मी दांडा ओढला. वाळू भोकांतून गळून गेली आणि आत राहिली जोडवी, काळ्या मण्यांच्या दोऱ्यात बांधलेली. दहाव्याला ताईनेच तिथे सोडलेली, तिची स्वतःची. "माझी परत दिली बघ समुद्राने," ती म्हणाली, "त्याची ठेवली." मला तिच्याकडे बघवेना. "चल ना गं घरी," मी म्हटलं. तिने स्कूप तिथेच उलटा करून जोडवी पुन्हा पाण्यात सोडली. तो आता माझ्या बाल्कनीत असतो. ताई आली की आधी तो उचलून भिंतीला उभा करते. "निथळू दे गं," म्हणते. त्या रविवारनंतर तो पाण्यात गेलेलाच नाही.