एक मूठ नायट्रोजन

इंग्लंडातल्या रीडिंग गावात आमच्या शेजारी राहणारे काका लॉनला खत घालत नाहीत, जेवायला वाढतात. त्यांच्या हिरवळीवर येणारं मांजरसुद्धा पाय पुसून येतं, शपथेवर सांगतो.

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी कुंपणावरून फर्मावलं, "अरे, थंडीच्या आधी तुझ्या हिरवळीला हलकं जेवण दे. नायट्रोजन बेताचा. पावलागणिक एक मूठ, बास!"

मी पावलागणिक मूठ टाकली. आठवड्यात लॉनवर गाडीच्या चाकाएवढे पिवळे डाग उठले. हीथ्रोला उतरणारी विमानं ते बघायला तिरकी होत असणार. आणि शनिवारी पुण्याहून सासरे येणार होते! त्यांना मी फोनवर वर्षभर याच लॉनच्या बढाया ऐकवल्या होत्या.

काकांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला. "हा पंजा आहे की फावडं? मूठ म्हणजे माझी मूठ रे, गाढवा!"

त्यांची मूठ जेमतेम लिंबाएवढी.

शनिवारी सकाळी पाहतो तर काका स्वतःच्या लॉनचे चौकोन मातीसकट कापून माझ्या डागांच्या जागी बसवत होते.

"अहो काका, तुमची हिरवळ!"

"गप. पाणी घाल."

दुपारी सासऱ्यांनी बागेत फेरी मारली, मान डोलावली आणि कुंपणापलीकडे बोट दाखवलं. "जावईबापू, तुमचं लॉन झकास. या शेजाऱ्यांना मात्र काही जमलेलं दिसत नाही."

काका पलीकडेच चहा पीत उभे होते. अदबीने म्हणाले, "शिकतोय हो, तुमच्या जावयांकडून."