चालू भट्टीत वारसा बदलत नाही

मित्रांनो, आज सकाळभर हाताची घडी घालून स्वतःच्याच कोडकडे बघत बसलो.

शिरोलीत आमची लोखंड ओतायची फौंड्री आहे. भट्टी आणि वजनकाटा माझ्याच प्रोग्रामवर चालतात. त्यात मी हुशारी केली होती. प्रोग्राम सुरू होताना काटा जोडलेला असेल, तर माझा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, खऱ्या काट्याच्या क्लासचा वारस होणार, त्याचंच वजन दाखवणार. नसेल, तर चाचणीसाठी लिहिलेल्या खोट्या काट्याचा, जो कायम पाच किलोच सांगतो.

आज भट्टी लावण्याआधी लाईट गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटर आधी सुरू झाला, काटा नंतर. भट्टी तापल्यावर कळलं, स्क्रीनवर प्रत्येक कास्टिंग, म्हणजे ओतलेला प्रत्येक भाग, पाच किलो!

वडील ओरडले, "काटा चालू झालाय की! दाखव की खरं वजन."

"आबा, वारसा सुरुवातीलाच ठरतोय. प्रोग्राम बंद करून परत सुरू करावा लागंल."

"मग कर की!"

"भट्टीबी बंद पडंल. रस आतच गोठंल."

आबा काट्याकडं वळले. काट्यावरचा आकडा बघून खडूनं कास्टिंगवर लिहायला लागले.

कॉलेज संपलं तेव्हा नोकरी नव्हती, म्हणून मी आबांच्या फौंड्रीत आलो. आता पुण्यातून नोकरीचं बोलावणं आलंय, आणि भट्टी चालूच हाय.

अशात स्वतःला बंद करून परत सुरू कसं करायचं, सांगा की कुणीतरी.