नुसतं बघायचं

आमच्या घरात किस्से कोणी सांगत नाही, ते साचतात. काकाच्या बॉक्सांवर धूळ साचायची तसे. दर रविवारी ती धूळ पुसायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून किस्सेही माझ्याकडेच जमा झालेत.

काकाचं पोलादपूरला स्टँडजवळ मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. नाद मात्र टीव्हीवरच्या पैलवानांचा. त्यांचे वीतभर उंचीचे प्लास्टिकचे पुतळे तो मुंबईहून मागवतो. बाहुले म्हटलेलं त्याला चालत नाही, ‘फिगर’ म्हणायचं. बाहेरच्या खोलीतलं कपाट भरलं होतं, पण एकही बॉक्स उघडलेला नव्हता. उघडला की किंमत गेली, म्हणायचा.

"मग भावजी, आणता कशाला?" आईने एकदा विचारलं.

"बघायला."

"तुमच्या लग्नागत झालं. नुसतं बघायचं."

काका चाळिशीला आलाय. बघण्याच्या कार्यक्रमांचे पोहे करून आई दमली आहे. ट्रे धरून मीही.

* * *

एका मध्यस्थाने मुलीकडच्यांना सांगितलं, पोराला पैलवानांचा नाद आहे. मुलीचे वडील खूश होऊन आले. आल्या आल्या त्यांनी काकाचा दंड चाचपला. काका छत्रीच्या काडीसारखा. मग त्यांना कपाट दाखवलं.

"हे पैलवान?"

"हो."

"आणि कुस्ती?"

"ती टीव्हीवर असते."

त्यांनी चहा संपवला आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.

* * *

पुढच्या वेळी आईने शहाणपणा केला. कपाटावर जुन्या साडीचा पडदा सोडला. मुलीच्या आईला वाटलं, आत देव आहेत. तिने लांबूनच हात जोडले. मग तिच्या मनात आलं, देव झाकलेत म्हणजे या घरात सुतक असणार. त्या मंडळींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पडदा काढून दाखवावा, तर आत पैलवान! ते पोहे आम्ही दोन दिवस खाल्ले.

* * *

गणपतीच्या आधी आईने घर झाडायला काढलं. काका सामान आणायला महाडला गेला होता. तो आला तेव्हा सगळे पैलवान साबणाने धुऊन कपाटात ओळीने उभे होते.

"वैनी, बॉक्स?"

"पुठ्ठा व्हता तो. चुलीत घातला. पैलवान हायत की सगळे, एक पण हरवला नाय. जावा, पाणी तापलंय."

काकाने त्याच पाण्याने अंघोळ केली.

* * *

गणपती गेल्यावर महाडहून एक स्थळ आलं. मुलगी म्हणजे तशी बाईच, शिवणकाम करते. किती घरं बघून झाली ते मोजणं तिनेही सोडलं होतं. पडदा लावायचं त्राण आईत उरलं नव्हतं. दोघांना बोलायला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी ट्रे घेऊन दारातच अडकले.

शेवटी काका कपाटाकडे बघत म्हणाला, "आता यांना काय किंमत नाय."

ती उठली. तिने एक पैलवान उचलला, शिलाई तपासावी तसा उलटसुलट केला.

"यांचे हात हलतात?"

"माहीत नाय," काका म्हणाला.

"इतकी वर्षं घरात हायत ना?"

"हायत."

तिने पैलवान त्याच्यापुढे धरला.

"मग बघा की."

काकाने आधी हात पँटला पुसले.