अर्ध्या तासाचा बाप

माझे वडील नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. आधी ऑपरेटर, पुढे सुपरवायझर. ट्रंक कॉल जोडून दिला की लाइन नीट चालू आहे ना, हे क्षणभर ऐकावं लागे. असं ऐकता ऐकता त्यांना माणसांची चांगली पारख आली होती. माणूस दोन वाक्यांत कळतो, असं ते म्हणायचे. पण कुणाचं काय ऐकलं, याचं एक अक्षरही त्यांनी कधी घरी सांगितलं नाही.

मी कॉलेजात असताना कॉलनीत केबल आली आणि केबलबरोबर अमेरिकन मालिका आल्या. आई त्या वेळी स्वयंपाकघरात असायची, ताईचं लग्न झालेलं होतं, त्यामुळे बघणारे आम्ही दोघंच. ते उच्चार मला कळायचे नाहीत. बाबांना मात्र कळायचे. त्यांचा कानच तसा होता. पात्रांची नावं लक्षात राहत नसत म्हणून आम्ही त्यांना आमचीच नावं ठेवली. दार न वाजवता घरात घुसून फ्रिज उघडणारा तो 'फुकट्या शेजारी'. हातात दारूचा ग्लास धरून खिडकीतून शहराकडे बघत कट करणारा तो 'ग्लासवाला'. गुन्हेगाराला पकडल्यावरही त्याला पाणी देणारा पोलीस म्हणजे 'जमादार'. आणि बाबांचा सगळ्यात आवडता, 'अर्ध्या तासाचा बाप'. मुलानं काहीही घोळ घालून ठेवू दे, हा माणूस शेवटी त्याच्या पलंगाच्या कडेला बसायचा आणि शांतपणे बोलायचा. अर्ध्या तासात सगळं ठीक. बाबा मला म्हणायचे, "आपल्याला जमत नाही असं बोलायला. पण ऐकायला बरं वाटतं."

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि वर्क व्हिसावर इंग्लंडला आलो. दोन हजार सात-आठच्या सुमारास आम्ही बेसिंगस्टोकला राहत होतो. आई आदल्या वर्षी गेली होती. बाबा नागपूरच्या घरात एकटे पडले होते, म्हणून त्यांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं. माझी बायको टाऊन सेंटरमधल्या लहान मुलांच्या एका नर्सरीत दुपारपर्यंत काम करायची. मी सकाळी बिझनेस पार्कला जायचो तो संध्याकाळीच परत. घरात बाबा आणि टीव्ही.

पहिले काही आठवडे मजेत गेले. दुपारी कुठल्या तरी चॅनलवर जुन्या मालिका लागत, त्या ते बघायचे. संध्याकाळी मी जेवताना नव्या लावायचो. मला त्या फार आवडत. त्यातला पोलीस स्वतःच लाच खात होता आणि मुलीच्या आजारपणात रडत होता. वकील खोटं बोलून खटला जिंकत होता. एका मालिकेतला बाप तर माणसं मारून घरी यायचा, हात धुवायचा आणि मुलांना वाढायचा.

बाबांनी आठवडाभर हे बघितलं आणि एकदा म्हणाले, "ग्लासवाला आता हिरो झालेला दिसतो."

"तसंच झालंय, बाबा."

"आणि जो खरोखर चांगला आहे, त्याला सगळे हसतात. नाहीतर तो तिसऱ्या भागात मरतो."

मी त्यांना समजावून सांगू लागलो. आधीची पात्रं म्हणजे नुसते साचे होते, एक चांगला, एक वाईट. आता लिहिणारे धीट झालेत. "माणसं अशीच असतात, बाबा. हे खरं आहे."

"अशीच असतात हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं कानानं ऐकलंय. म्हणून तर घरी आल्यावर दुसरं बघत होतो."

 मी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

त्यानंतर कधीतरी ते सुरू झालं. नेमकं कधी, ते आम्हाला कळलं नाही. आधी चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मग एकदा ते माझ्या बायकोला आईच्या नावानं हाक मारून बसले आणि स्वतःच ओशाळले. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. एका संध्याकाळी मी आंघोळ करून खाली येत होतो, तेव्हा जिन्यावरून मला ते बायकोशी बोलताना ऐकू आले.

"बेटा, हा रोज जातो कुठे?"

"ऑफिसला, बाबा."

"तू पाहिलंस का ऑफिस?"

ती हसली. "बाहेरून पाहिलंय."

"आत नाही ना गेलीस," ते हळूच म्हणाले. "घरी आला की आधी हात धुतो. लक्ष दे."

मी जिन्यावरच थांबलो. बाहेरून आल्यावर हात धुवायची सवय मला त्यांनीच लावली होती.

शनिवारी मी त्यांना ऑफिस दाखवायला घेऊन गेलो. एकदा डोळ्यांनी बघितलं की शंका जाईल, असं मला वाटलं. काचेची तीन मजली इमारत, समोर तळं, तळ्यात बदकं. सुट्टीमुळे पार्किंग रिकामं होतं. पास लावून आम्ही आत गेलो. आम्ही चालू लागलो तसे वरचे दिवे आपोआप लागत गेले. बाबा प्रत्येक दिव्याकडे मान वर करून बघत होते. मी त्यांना माझ्या टीमच्या जागेपाशी नेलं.

"मी इथे बसतो."

त्या मजल्यावर कुणाची ठरलेली जागा नव्हती. सकाळी जे टेबल मोकळं मिळेल ते आपलं, संध्याकाळी ते पुसून जायचं असा नियम होता. टेबलावर काहीही नव्हतं. बाबांनी त्यावरून हात फिरवला, ड्रॉवर ओढून बघितला. तो रिकामा होता.

"तुझं नाव कुठे आहे?"

"नाव नसतं, बाबा. इथे कुणाचंच नसतं."

त्यांनी त्या रिकाम्या टेबलांच्या रांगांकडे बघितलं आणि मान हलवली. रागानं नाही. एखाद्यानं खोटं बोलावं आणि तेही नीट बोलता येऊ नये, तेव्हा आपल्याला त्याची कीव येते, तशी. 

मी त्यांना आमच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी काही प्रश्न विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी वर्तुळ सुरेख काढलं आणि आकडे सगळे एकाच बाजूला लिहिले. त्यांना कशाची शंका येते, तेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार दिसतो, तो टीव्हीमुळे आलेला नाही. भीती आधी येते. ती जवळपास मिळेल ती गोष्ट उचलते.

मला ते पटलं. तरी घरी आल्यावर मी नव्या मालिका बंद केल्या आणि जुन्या मालिकेची एक डीव्हीडी आणली, अर्ध्या तासाच्या बापाची. कॉलेजात असताना आम्ही बघायचो तीच. बाबांनी तो बाप लगेच ओळखला. त्यांचा चेहरा खुलला, मला बरं वाटलं. मग बाप मुलाच्या पलंगाच्या कडेला बसला आणि बोलू लागला, तसे बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"काय झालं, बाबा?"

"इतका गोड बोलतोय," ते म्हणाले. "म्हणजे तळघरात काहीतरी असणार."

"नाही हो. हा चांगला आहे. आपण नाही का बघायचो?"

"तेव्हा आपल्याला कळलं नाही."

मी टीव्ही बंद केला. त्या घरात पुढे कितीतरी दिवस टीव्ही लागला नाही, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. हवं ते सगळं आता त्यांच्या डोक्यातच चालू होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळी मी घरी आलो आणि पाठोपाठ दार वाजलं. दारात दोन पोलीस, एक बाई आणि एक तरुण. त्यांना या पत्त्यावरून नाइन नाइन नाइनला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर फोन आला होता. बोलणारे वयस्कर गृहस्थ अगदी शांत होते, त्यांनी पत्ता पोस्टकोडसकट स्पेलिंग करून सांगितला होता, असं त्या बाई म्हणाल्या. घरात राहणारा माणूस आपला मुलगा असल्याचं सांगतो, पण तो कोण आहे याची चौकशी व्हावी, अशी तक्रार होती. बाबांचं इंग्रजी फोनवर नेहमीच उत्तम असायचं.

बायकोनं त्यांना बसायला सांगितलं. मी पासपोर्ट दाखवले, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पोलीसबाई बाबांसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी हळू, स्पष्ट इंग्रजीत विचारलं, तुम्हाला इथे कुणी त्रास देतं का? इतक्या आपुलकीनं मी स्वतः गेल्या महिन्यात बाबांशी बोललो नव्हतो.

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या तरुणाकडे. मग ते माझ्याकडे वळले आणि मराठीत, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "हे तरी खरे आहेत का रे?"

"खरे आहेत, बाबा."

"तू सांगणार तसंच," ते म्हणाले, आणि पोलीसबाईंना म्हणाले, "नो मॅडम. एव्हरीथिंग इज फाइन." त्यांना आता कुणाकडेच दाद मागायची नव्हती. पोलीस गेल्यावर बाबा आपल्या खोलीत गेले आणि आतून खुर्ची दाराला लावल्याचा आवाज आला. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. मी तिथेच उभा राहिलो. 

व्हिसा संपायच्या आधीच मी त्यांना नागपूरला ताईकडे पोचवलं. विमानात त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, एअर होस्टेसच्या हातचं घेतलं. ताईला त्यांनी ओळखलं. तिच्याकडे औषधं सुरू झाली, ते जेवू लागले, दार उघडं ठेवून झोपू लागले. मी रविवारी फोन करायचो. ते फोन घ्यायचे, ऐकायचे, आणि ताईच्या हातात द्यायचे.

पुढच्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा ते अंगणात उन्हाला बसले होते. खूप वाळले होते. ताई म्हणाली, "बाबा, बघा कोण आलंय."

त्यांनी मला बसायला खुर्ची दाखवली. मग म्हणाले, "तुम्ही इंग्लंडहून आलात ना?"

"हो."

"माझा मुलगा तिथे होता. चांगला मुलगा. तुमच्या ओळखीचा आहे का?"

ताई आत निघून गेली. मी म्हणालो, "आहे."

"मग भेटला तर सांगा त्याला, घरी ये म्हणावं. तिथली माणसं बरी नाहीत."

मी सांगतो म्हणालो. आठ दिवस मी तिथे होतो. रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसायचो आणि ते मला त्यांच्या मुलाबद्दल सांगायचे. त्यातलं बरंचसं खरं होतं. काही मी विसरलो होतो.

मी परत आल्यावर काही महिन्यांत ते गेले. ताईनं फोनवर सांगितलं की शेवटी ते अगदी शांत होते, कुणाबद्दलच त्यांना शंका उरली नव्हती. तिला त्याचं समाधान वाटत होतं. मला वाटलं नाही. शंका घ्यायलाही समोरचा माणूस आपला कोणीतरी असावा लागतो.