आलो की आली

आमच्या घरात वंशावळ नावांनी सांगत नसत, वाद्यांनी सांगत. वाडवडिलांचं नाव उगाच तोंडात घ्यायचं नाही असा दंडक होता, आणि घर भजनी, त्यामुळे ज्याच्या हातात जे वाद्य तीच त्याची ओळख. बाबा ओसरीवर मांडी घालून एका दमात म्हणत, "झांजकऱ्याचा टाळकरी, टाळकऱ्याचा वीणेकरी, वीणेकऱ्याचा पखवाजी आन् पखवाज्याचा मी." बाबा स्वतः उत्तम पखवाज वाजवत, पण माळेत आपलं वाद्य आपण लावायचं नसतं, ते मागच्यांनी लावायचं, असं त्यांचं म्हणणं. ह्या माळेत बाई एकही नव्हती. झांजकऱ्याला टाळकरी झाला तो जसा काही झांजेतूनच निघाला. हे मी एकदा मायजवळ बोलले, तर ती इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली, आणि बोलणी मात्र मला बसली.

वीणेकऱ्यापाशी आले की बाबा थांबत. वीणेकरी म्हणजे त्यांचे आजोबा, माझे पणजोबा. त्यांना एक धाकटा भाऊ होता. घरातली वीणा कोणी गळ्यात घालायची यावरून दोघांचं बिनसलं आणि धाकटा टाळांचा जोड घेऊन निघून गेला तो गेलाच. बाबा म्हणत, "आन् त्याचा भाऊ. गेला तो." मग पुढे पखवाजी. ह्या गेलेल्या भावाला बाबा जन्मभर शोधत राहिले. कुठल्याही गावी भजनाला गेले की तिथल्या टाळकऱ्यांना विचारत, तुमचं मूळ गाव कोणतं. माय म्हणे, "इतकं हरपलेल्या म्हशीले शोधलं असतं तं दूध तरी भेटलं असतं."

घरचा म्हणून एक अभंग होता. आमच्या विहिरीवर भली मोठी चिंच आहे. तिच्याखाली टाळकऱ्यानं, म्हणजे वीणेकऱ्याच्या बापानं, देव मांडला आणि त्यावर दोन ओळी जुळवल्या:

चिंचेच्या सावली टाळ वाजे देवा
ऐकाया मी आलो, ठाव द्यावा

पुढे आणखी चार कडवी आहेत, पण सगळा जीव ह्या दोन ओळींत. हा अभंग बाहेर कोणाला शिकवायचा नाही, अशी घरची रीत. आमच्या भावकीशिवाय तो कोणाला येत नाही याची बाबांना आणि माझ्या काकांना इतकी खात्री होती की, ज्याला तो येतो तो आपला भाऊबंद, असा त्यांनी कायदाच करून टाकला होता. ह्याच कायद्यानं पुढे माझा गळा धरला.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. दुसरबीडवरून आत, खडकपूर्णेच्या अंगाला आमचं गाव. मी सातवी पास झालेली, त्यामुळे शिकलेला मुलगा पाहायचा असं ठरलं, आणि मेहकर तालुक्यातल्या एका मास्तराचं स्थळ आलं. तो मला पाहायला आला तेव्हा बाबा त्याला म्हणाले, हिला काय विचारायचं ते विचारा. पाहायला आलेले लोक नाव विचारत, स्वयंपाक येतो का विचारत, फार तर चालून दाखव म्हणत. ह्यानं कोनाड्यात ठेवलेल्या पेटीकडे बोट केलं आणि विचारलं, "हे पेटी कोन वाजवते?"

"मी," मी म्हणाले.

बाबांनी घसा खाकरला. मी पेटी वाजवत असे ती घरातल्या घरात, सूर धरण्यापुरती. चारचौघांत सांगायची ती गोष्ट नव्हती. मास्तर म्हणाला, "मंग बरं हाये. आमच्या घरी पेटी हाये, वाजवनारं कोनी नाई."

दिसायला तो काही राजबिंडा नव्हता. कान तर चांगलेच मोठे होते. पण मला तो आवडला. असं म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती, म्हणून आता म्हणते. हातातलं पोह्याचं ताट खाली ठेवता ठेवता मी मनातल्या मनात त्याच्या घरची पेटी पुसून घेतली होती.

देण्याघेण्याचं बोलणं सरळ झालं आणि बाबा, काका घर पाहायला गेले. आम्ही गोड बातमीची वाट पाहत होतो. दोघं परत आले ते पडक्या चेहऱ्यानं. चपला काढल्या, पाय धुतले. माय पाण्याचा तांब्या घेऊन उभी. शेवटी काका म्हणाले, "वैनी, हे सोयरीक होत नाई. ते आपले भाऊबंद हायेत."

झालं होतं ते असं. त्या घरीही भजन होतं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना मान म्हणून त्यांनी टाळ काढले, आणि तिसरा की चौथा अभंग उचलला तो आमचा. चिंचेच्या सावलीचा. चालही आमचीच. बाबांचा हात मांडीवर ठेका धरता धरता थांबला. त्यांनी मूळ गाव विचारलं, तर म्हणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. हा अभंग कुठून आला विचारलं, तर म्हणे आमच्या घरचाच आहे. आडनाव वेगळं होतं, पण आमच्या भागात गाव बदललं की आडनाव बदलायला कितीसा वेळ? देवक विचारलं, तर तेही पंचपालवी, पाच झाडांच्या पानांचं, आमच्यासारखंच. पण ते अर्ध्या मुलखाचं असतं, त्यानं हो ठरेना की नाही ठरेना. त्या गावात विहिरीवर चिंच कुठंच नव्हती. जेवल्या घरी वाईट बोलायचं नसतं, म्हणून दोघं "कळवतो" एवढं म्हणून उठले.

"रुसून गेलेल्या भावाचा वंश तो," काका म्हणाले. "पोरगा हिचा भाऊ लागते. भावाबहिनीचं लग्न लावता का?"

बाबांची तर वेगळीच गत. इतकी वर्षं शोधलेला भाऊ सापडला म्हणून हसावं की पोरीचं लग्न मोडलं म्हणून रडावं, तेच त्यांना कळेना. मला मात्र स्पष्ट कळत होतं. मला राग आला होता. त्या धाकट्या भावाचा, ज्याला मी कधी पाहिलं नाही. रुसायचं तर रुसावं, पण जाऊन जाऊन नेमकं मास्तराच्याच घरी वंश वाढवायची काय गरज होती? चुलीपुढे बसून मी लाकूड असं ढोसलं की राख माझ्याच तोंडावर उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला पेटी काढायला सांगितली. त्यांना तो अभंग कानातून जाऊ द्यायचा नव्हता. म्हणाले, "ते कसं म्हनत होते ते दाखवतो. सूर धर."

मी भाता ओढला. बाबा गायला लागले. चिंचेच्या सावली टाळ वाजे देवा. मग पुढे, "ऐकाया मी आली, ठाव द्यावा."

माझी बोटं पट्ट्यांवरच राहिली. बाबा म्हणाले, "हाव, असंच म्हनत होते. मिश्या असलेले बाप्ये, आन् आली म्हनते. शिकवनाराच अडानी असन."

माय तेव्हा आतल्या दारात ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. म्हणाली, "आली म्हनत होते? पक्कं आयकलं का तुमी?"

"माहे कान चांगले हायेत."

"मंग तो तुमचा भाऊ नोहे," माय म्हणाली. "तो पुरुष व्हता. त्यानं शिकवलं असतं तं आलो शिकवलं असतं. हे बाईच्या तोंडून गेलं."

काका ओसरीवरून म्हणाले, "वैनी, गवळणीत बाप्ये बाईसारखंच म्हनतेत."

"गवळणीत दूध असते, दही असते, किस्नाची खोडी असते. ह्याच्यात चिंच हाये," माय म्हणाली. "कोनती गवळण चिंच इकाले गेली होती?"

"म्हंजे एका अक्षरावरून सोयरीक जुळवता काय?"

"तुमी एका गान्यावरून मोडलीच ना, भाऊजी."

काका उठून विहिरीकडे निघून गेले. 

माय तेवढ्यावर थांबली नाही. मेहकरच्या बालाजीला जायचा नवस राहिलाय म्हणाली. असा नवस आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता, पण देवाचं नाव घेतल्यावर बाबांना नाही म्हणता येईना. दोघं एस्टीनं गेले आणि बालाजीला हात जोडून तसेच मास्तरांच्या गावी पोचले. मी घरी. त्या दिवशी मी वरणात मीठ घातलं नाही, आणि काकांनी ते मुकाट्यानं खाल्लं, यावरून घरचं वातावरण समजावं.

पुढचं मायनं आल्यावर सांगितलं, तेही लुगड्याचा पदर कमरेला खोचून, नाटकासारखं. बाबा ओसरीवर पुरुषांत बसले. माय सरळ चुलीपाशी गेली. तिथं मास्तरांची थोरली आत्या होती. खूप म्हातारी, कानानं जरा कमी, पण बोलायला हौशी. मायनं तिला घराण्याचं काही विचारलंच नाही. विचारलं एवढंच, "दळताना काय म्हनता वो तुमच्याकडे?"

म्हातारीनं तो अभंगच म्हटला. जात्याच्या लयीत, हळू, आणि "आली" वर जोर देऊन. मग म्हणाली, "आमच्या आजीचं हाये हे. आजी खडकपूर्णेकडून दिलेली. तिच्या बापाच्या हिरीवर चिंच व्हती म्हने, खाली देव. आजीचा एक भाऊ वीणेवाला आन् एक रुसून गेलेला. आजी त्याच्यासाठी लय रडे. माहेर लांब, जानं काही झालं नाई. दळाले बसली का हेच म्हने. पोरं मांडीवर निजून निजून शिकले. मायनं म्हटलं तसंच म्हनाचं, अक्षर हालवाचं नाई, म्हनून बाप्येही आलीच म्हनतेत."

मायनं तिथंच म्हातारीचे पाय धरले. ओसरीवरच्या पुरुषांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना मूळ गाव विचारलं, त्यांनी बापाचं सांगितलं. आजीचं माहेर कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही सांगावंसं वाटलं नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. मी मायच्या गळ्यात पडले आणि मग लाजून आत पळाले. कारण आता मास्तर माझा भाऊ तर नव्हताच, उलट आमच्या घरच्या लेकीचा पणतू होता. म्हणजे आत्याच्या घरी भाची जायची. याच्यापेक्षा चांगली सोयरीक आमच्यात नसते. काकांनी हे ऐकलं आणि पागोटं सारखं करत म्हणाले, "मी पयलेच म्हनलो व्हतो, घर चांगलं हाये." 

बाबा मात्र चहा निवला तरी बसून होते. म्हणाले, "वीणेकऱ्याले बहीन व्हती, हे मले कोनी सांगितलंच नाई."

"तुमी इचारलं का?" माय म्हणाली. ह्या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "रुसून गेलेल्या भावाले सारा जनम शोधलं. दिलेली बहीन कुठं दिली, जिती हाये का मेली, हे ह्या घरात कोनी इचारलं नाई. अन् अभंग तिनंच सांभाळला."

 बाबांनी माळ म्हणायला घेतली. झांजकऱ्याचा टाळकरी, टाळकऱ्याचा वीणेकरी, आन् त्याची बहीन... तिथं अडले. वाद्य कोणतं लावायचं?

"जातं म्हना," माय आतून म्हणाली. "आवाज त्यालेही हाये."

लग्न आमच्या दारात झालं. वऱ्हाड आलं तेव्हा ती म्हातारी आत्याही हट्टानं आली होती. बैलगाडीतून उतरली ती मांडवात न येता आधी विहिरीकडे गेली आणि चिंचेच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. कोणी तिला हाक मारली नाही.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पाठवणीआधी दोन्हीकडची भजनी मंडळं चिंचेखाली बसली. मी मुंडावळ्या बाजूला सारून पाहत होते. पखवाज बाबांकडे होता. त्यांनीच अभंग उचलला. पहिली ओळ सगळ्यांनी एका आवाजात म्हटली. दुसऱ्या ओळीला काय होणार ते मला माहीत होतं आणि मला हसू यायला लागलं होतं. आमच्याकडचे म्हणाले "आलो", त्यांच्याकडचे म्हणाले "आली", आणि भर भजनात दोन अक्षरांची टक्कर झाली. लोक हसले. बाबांनी हात उचलून सगळ्यांना थांबवलं, पुन्हा ठेका धरला आणि ती ओळ एकट्यानं म्हटली.

"ऐकाया मी आली, ठाव द्यावा."

काकांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "दादा, चुकले तुमी. आपल्यात आलो म्हनतेत."

"चुकलो नाई बे," बाबा म्हणाले. ते म्हातारीकडे पाहत होते. "इतक्या वर्षांनी बहीन घरी आली. तिले तिच्या तोंडानं म्हनू दे."

मला रडू फुटलं. बायकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते; त्या मला समजावू लागल्या. मी कशाला सांगू? मी पदरात तोंड घालून पोटभर रडून घेतलं, आणि बाबांनी पुढचं कडवं उचललं.